गाळलेली ओळ

घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत ते तिचे आजोबा असत आणि फाटक ओलांडलं की सर. नियम त्यांचाच होता, आणि बारकीनं तो पहिलीपासून इमानेइतबारे पाळला होता. वाटभर त्यांचा हात धरून वटवट करणारी ही पोरगी फाटकाशी आली की हात सोडायची, दप्तराचा पट्टा सारखा करायची आणि बाकीच्या मुलांसारखी "नमस्कार सर" म्हणून आपल्या रांगेकडे पळायची.

सगळी शाळा त्यांना सावधान सर म्हणे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी फौजेत काढली होती. गुडघ्याला गोळी लागून परत आले आणि तेव्हापासून या शाळेत कवायत शिकवत होते. निवृत्ती जवळ आली होती, पण आवाज असा की त्यांनी "सावधान" म्हटलं की मैदानावरची पोरंच काय, भिंतीपलीकडून जाणारा सायकलवालाही क्षणभर ताठ होई. रोज सकाळी परिपाठाला प्रतिज्ञा त्यांच्या देखरेखीखाली होई. एक विद्यार्थी व्यासपीठावर उभा राहून एकेक ओळ सांगायचा आणि मैदान ती मागून म्हणायचं. ओळी चारच होत्या. या मातीशी मी प्रामाणिक राहीन. तिचे कायदे मी पाळीन. वेळ आली तर तिच्यासाठी मी प्राण देईन. तिचा मान तो माझा मान.

त्या वर्षी शाळा समितीच्या अध्यक्षांनी एका सकाळी अचानक भेट दिली. अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही गोष्ट त्यांना मापात बसवून, शिक्का मारून हवी असे. त्यांनी मागच्या रांगांत एकाला जांभई देताना पाहिलं, दोघांना एकमेकांना कोपरं मारताना पाहिलं आणि वरच्या वर्गातला एक दांडगा मुलगा नुसतेच ओठ हलवत असलेला त्यांच्या नजरेतून सुटला नाही. लगेच बैठक भरली आणि नियम झाला. प्रतिज्ञा सक्तीची. तिला शिस्तीचे गुण. प्रत्येक वर्गशिक्षकानं आपल्या रांगेच्या बाजूनं फिरून मुलांच्या ओठांवर लक्ष ठेवायचं आणि जो म्हणणार नाही त्याला वर्गाबाहेर उभं करायचं.

सावधान सरांनी या नियमाला मनापासून मान डोलावली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाढे पाठ करताना कुणी अर्थ विचारत नाही. आधी जिभेवर बसतं, मग डोक्यात शिरतं, मग रक्तात उतरतं. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी अर्थ शोधायला वेळ नसतो, तेव्हा सवयच कामाला येते. हे त्यांनी घरी जेवताना सांगितलं, तेव्हा सुनेनं, म्हणजे बारकीच्या आईनं, वाढायचा डाव जरा जोरात ठेवला.

सून कोर्टात होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ द्यायचं काम तिचं. दिवसभर तेच. "खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, काही लपवणार नाही." ती सांगायची आणि समोरचा म्हणायचा. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीत काम करायचा आणि घरातल्या भांडणांत पडायचं नाही असा त्याचा बाणा होता. माझ्या घरात एकजण शपथ घेऊन बसलाय, एकजण ती देत फिरते, मी आपला पाणी देतो, असं तो मित्रांना सांगे.

नियम झाल्यानंतरच्याच आठवड्यात शाळेत पाण्याची टाकी फुटली आणि एक दिवस सुट्टी मिळाली. आजोबा टाकीच्या दुरुस्तीसाठी शाळेतच अडकले होते, म्हणून बारकीला घरी एकटी ठेवण्यापेक्षा आईनं तिला बरोबर नेलं आणि कोर्टात मागच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी एका ट्रकचं प्रकरण चाललं होतं. ट्रक मागे घेताना चालकानं एका न्हाव्याच्या दुकानाची अख्खी दर्शनी काच फोडली होती आणि ते पाहणारा साक्षीदार एक छोटा मुलगा होता. नुकता शाळेत जायला लागलेला असावा. पिंजऱ्याच्या कठड्यावरून त्याचं नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. बारकीची आई शपथ द्यायला उठली, तेवढ्यात न्यायाधीशांनी हात वर करून तिला थांबवलं.

त्यांनी मुलाला विचारलं, "शपथ म्हणजे काय, ठाऊक आहे का बाळ?"

मुलगा म्हणाला, "जोरात म्हणायचं असतं ते."

वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मुलाशी इकडचंतिकडचं बोलून घेतलं, खरं आणि खोटं यातला फरक त्याला कळतो याची खात्री करून घेतली आणि शपथ न देताच त्याचं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं. मुलानं ट्रकचा रंग सांगितला, चालकानं आधी कुणाला शिवी दिली तेही सांगितलं, आणि खाली उतरून तो आपल्या काकाच्या मांडीवर जाऊन बसला.

घरी परतताना बारकीनं विचारलं की त्याला शपथ का नाही दिली. आईनं जे खरं होतं ते सांगितलं. ज्याला शपथ कळत नाही त्याच्याकडून ती घ्यायची नसते. त्याचा राग म्हणून नाही, शपथेचा मान म्हणून. बारकी "हं" म्हणाली आणि पुढे घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. तिच्या बाबतीत ही गोष्ट फारच दुर्मीळ होती. पण आई दमली होती, तिच्या ते लक्षात आलं नाही.

चारपाच दिवसांनी व्यासपीठावरून प्रतिज्ञा सांगायची पाळी बारकीची आली. आवाज आजोबांवर गेला होता, त्यामुळे तिची निवड दरवर्षी ठरलेली. ती पायऱ्या चढली, ताठ उभी राहिली. पहिली ओळ तिनं खणखणीत सांगितली, मैदानानं म्हटली. दुसरी सांगितली, मैदानानं म्हटली. मग तिनं श्वास घेतला आणि चौथी सांगितली.

"तिचा मान तो माझा मान."

"तिचा मान तो माझा मान," मैदान म्हणालं.

वर्गशिक्षक आपापल्या रांगांच्या बाजूनं डोळ्यांत तेल घालून फिरत होते. सगळे ओठ व्यवस्थित हलत होते. व्यासपीठावर उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी समाधानानं मान हलवली. मुलं वळली, रांगा वर्गांकडे निघाल्या, कुणी कुणाचा बूट तुडवला, कुणी ओरडलं. कुणाच्याही काही ध्यानात आलं नव्हतं. फक्त सावधान सर "विश्राम" म्हणायचं विसरून तसेच उभे होते.

दिवसभर ते तिच्याशी शाळेत एक शब्द बोलले नाहीत, कारण शाळेत ते सर होते. संध्याकाळी घरी चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी तिला समोर बसवलं.

"तिसरी ओळ विसरलीस?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

"नाही. गाळली."

"का?"

"आजोबा, मला साधं इंजेक्शन घ्यायचं म्हटलं तरी आईचा हात लागतो. आणि मी रोज सगळ्यांसमोर सांगते की प्राण देईन. बाकीच्या ओळी मला जमतील. त्या मी म्हणते. पण प्राणांचं मी अजून ठरवलेलं नाही."

"प्रतिज्ञेत ठरवायचं काय असतं? ती म्हणायची असते."

"म्हणजे नुसती जोरात म्हणायची?" बारकीनं विचारलं. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

इथं सून ओटा पुसायचा टाकून बाहेर आली. तिला ट्रकच्या प्रकरणातल्या त्या छोट्या साक्षीदाराचं उत्तर आठवलं आणि सगळा उलगडा झाला. मग सासरा आणि सून यांचं जे जुंपलं ते जेवणं होऊन गेली तरी चाललंच होतं. ती म्हणाली की कोर्टात ज्या वयाच्या मुलांना आम्ही शपथ देताना दहादा विचार करतो, त्यांच्याकडून तुम्ही रोज सकाळी प्राण मागता, तेही गुण कापायचा धाक घालून. ते म्हणाले की कोर्टातल्या शपथेचं कौतुक मला सांगू नकोस, तुझ्याकडून शपथ घेतलेला माणूस पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत खोटं बोलतो. हा घाव वर्मी बसला, कारण ते खरंच होतं. तिनं ते कबूल केलं. पण मग म्हणाली, "अण्णा, तो खोटं बोलला तर मी त्याला धरू शकते. कारण त्याला आधी विचारलेलं असतं. हिला कुणी विचारलं होतं?"

अण्णा असे कोंडीत सापडले की फिरायला जात. ते फिरायला गेले. ते परतले आणि पाठोपाठ नवरा पाळीवरून आला, तेव्हा तिघं तीन दिशांना तोंडं करून बसले होते. त्यानं तिघांकडे पाहिलं, आपलं ताट आपणच वाढून घेतलं आणि म्हणाला की एकंदरीत पंपावर आवाज कमी होता.

आता गोष्ट खरं तर तिथंच मिटली असती. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी ऐकलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कानाडोळा करायला कुणाची हरकत नव्हती. पण सावधान सर जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस. दुसऱ्याच्या नातवंडाबद्दल आपण काय केलं असतं, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि सकाळी ते मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

बाईंचा विश्वासच बसेना. त्या म्हणाल्या, मी स्वतः व्यासपीठावर होते, मी स्वतः तिसरी ओळ म्हटली. सर म्हणाले, नाही म्हटलीत बाई. त्यांनी वर्गशिक्षकांना बोलावलं. सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं की प्रतिज्ञा पूर्ण झाली, एकही ओठ बंद नव्हता. चित्रकलेच्या शिक्षकांना तर तिसऱ्या ओळीला एक मुलगा शिंकला होता हेही आठवत होतं. शेवटी बारकीला बोलावलं आणि तिनं शांतपणे सांगितलं की सरांचं बरोबर आहे. मग बाईंनी समितीला कळवलं.

समितीची बैठक प्रयोगशाळेत भरली, कारण बाकीच्या खोल्यांना रंग लावायचं काम चाललं होतं. अध्यक्ष एका उंच स्टुलावर बसले होते आणि त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, त्यामुळे ते आधीच वैतागले होते. बारकीची आई कोर्टातून मधल्या सुट्टीत आली होती. अध्यक्षांनी आपला निर्णय सांगून टाकला. मुलीनं आठवडाभर वर्गाबाहेर उभं राहावं, मग व्यासपीठावरून माफी मागावी आणि चारही ओळी म्हणाव्यात.

आई बोलायला उठत होती, पण बारकीनं तिच्या बाहीला धरून खाली ओढलं आणि आपणच उभी राहिली.

"मी सगळ्यांना ओळ सांगायला उभी होते," ती म्हणाली, "आणि माझ्यामुळे सगळ्यांची एक ओळ राहिली. ज्यांना म्हणायची होती त्यांचीही. त्याची माफी मी मागते. मी स्वतः म्हटली नाही, त्याची नाही मागणार."

अध्यक्ष सावधान सरांकडे वळून म्हणाले की फौजेतल्या माणसाच्या घरात असं व्हावं, तुम्हीच सांगा आता हिला काय सांगायचं ते.

सर उठले. गुडघ्यामुळे त्यांना उठायला नेहमीच वेळ लागे, पण या वेळी जरा जास्तच लागला.

"हिचं मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "मुलांनी चारही ओळी म्हणाव्यात असंच मला आजही वाटतं. पण तुम्ही फौजेचं नाव काढलंत म्हणून सांगतो. शपथ घ्यायच्या दिवशी आम्हाला मैदानावर उभं केलं होतं. आमचे साहेब म्हणाले, ज्याच्या मनाची तयारी नसेल त्यानं एक पाऊल मागे घ्या. फाटकाशी बस उभी आहे, तिकीट आम्ही काढू, कुणी एक शब्द बोलणार नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा मागे सरला. आम्ही त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पुढे मला गोळी लागली आणि मी पडून होतो, तेव्हा शपथेतला एकही शब्द आठवत नव्हता. बस आठवत होती. मला जाता येत होतं आणि मी गेलो नव्हतो. कुणी ढकललं नव्हतं, त्यामुळे रडायला तोंड नव्हतं आणि पळून जायला मन घेईना."

"आणि तो मागे सरलेला?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्याचं चपलांचं दुकान आहे. बरं चाललंय. कर भरतो."

कुणीतरी हसलं, पण अध्यक्ष हसले नाहीत. सर पुढे बोलले. "त्या दिवशी या मैदानावर आपण ओठ बघायला माणसं लावली होती. ओळ गेली ती कुणालाच कळली नाही. मला कळली, आणि जिनं गाळली तिला. ती ओळ ज्यानं त्यानं मनानं म्हणावी म्हणून मी इतकी वर्षं घसा फोडतोय, साहेब. मार्कांसाठी ओठ हलवावेत म्हणून नाही."

"अहो, पण सक्ती काढली तर उद्या कुणीच म्हणणार नाही."

"मग निदान ते तरी आपल्याला कळेल."

अध्यक्ष स्टुलावरून उतरले. त्यांना बहुधा जमिनीवर पाय टेकल्यावरच नीट विचार करता येत असावा. प्रयोगशाळेत एक फेरी मारून ते म्हणाले की सत्र संपेपर्यंत करून बघू. गुण नकोत, ओठ बघणं नको. प्रत्येक वर्गात चारही ओळींचा अर्थ नीट शिकवायचा, मुलांना प्रश्न विचारू द्यायचे. मग ज्याला म्हणायची त्यानं म्हणावी, बाकीच्यांनी गप्प उभं राहावं, चाळे करायचे नाहीत. पण मैदान मुकं झालं तर नियम परत येईल आणि त्याची जबाबदारी सावधान सरांची. सरांनी मान्य केलं. बारकीनं दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून जेवढी कबूल केली होती तेवढी माफी मागितली.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. वरच्या वर्गातल्या पोरांना नवीन खेळच मिळाला होता. मागच्या रांगा तोंडाला कुलूप लावून उभ्या राहत आणि एकमेकांकडे बघून हसत. पुढची लहान मुलं मागून आवाज येत नाही म्हणून बावरत आणि ओळ अर्ध्यावर सोडून देत. सरांचे कान लाल होत. घरी येऊन ते सुनेशी बोलत नसत, आणि तीही मनातून धास्तावली होती, कारण आपण सासऱ्याला तोंडघशी पाडलं असं तिला वाटू लागलं होतं. बारकी मात्र रोज तीन ओळी आपल्या खणखणीत आवाजात म्हणायची, दोन्ही बाजूंना कुणी म्हणो न म्हणो.

मग वर्गांतून प्रश्न येऊ लागले. एका मुलानं विचारलं की कायदाच चुकीचा असला तर तोही पाळायचा का. त्या वर्गाच्या बाई गडबडल्या आणि सावधान सरांकडे गेल्या. सर म्हणाले, हे आमच्या घरी कोण सांगेल ते मला ठाऊक आहे. त्या रात्री जेवताना त्यांनी सुनेकडे न बघता तिला शाळेत यायला सांगितलं. ती एक दिवस आली, त्या वर्गासमोर उभी राहिली, आणि कायदा कसा बदलतात, कोर्टात तो चुकीचा कसा ठरवतात, आणि बदलेपर्यंत तो का पाळायचा, हे तिनं समजावलं. न पटलेल्या दोघांनी तिच्याशी घंटा होऊनही वाद घातला. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, कशी आहेत आमची पोरं. ती म्हणाली, वकिलांपेक्षा बरी, ऐकून तरी घेतात.

आवाज हळूहळू परत आले. सगळे नाही. तो नुसते ओठ हलवणारा दांडगा मुलगा आता ओठही हलवत नव्हता, पण हात बांधून नीट उभा राहायचा. कुणी पहिली आणि चौथी म्हणे. वरच्या वर्गातली एक उंच मुलगी, जिला फौजी इस्पितळात परिचारिका व्हायचं होतं, ती बाकीच्या ओळी गुणगुणल्यासारख्या म्हणे आणि तिसरी अशी म्हणे की पहिल्या रांगेतली मुलं मागे वळून बघत. चित्रकलेचे शिक्षक एक दिवस सरांना म्हणाले की मी पण आता ऐकतो, आधी बहुतेक झोपतच होतो.

सत्राच्या शेवटी अध्यक्ष पुन्हा न कळवता आले. मैदानाच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि परिपाठ संपल्यावर सरांना म्हणाले, "एका तालात नाही होत आता."

"नाही होत," सर म्हणाले. "वेगवेगळे आवाज ऐकू येतात."

अध्यक्ष वखारीत माल यायचा आहे असं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. पुढच्या बैठकीत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि नियम पुन्हा आला नाही.

सावधान सरांचं मत मात्र बदललं नाही. चारही ओळी सगळ्यांनी म्हणाव्यात, हे ते रोज शाळेच्या वाटेवर नातीला पटवून देत आणि नात रोज त्यांना आपलं म्हणणं पटवून देई. दोघांनाही त्यात इतकी गोडी लागली होती की मधल्या वळणावरचा घड्याळवाला त्यांना बघून, आज कुठपर्यंत आलं, असं विचारायचा. फाटक आलं की वाद जिथल्या तिथे थांबे.

पुढच्या वर्षी बारकी वरच्या वर्गात गेली. तिची रांग व्यासपीठाच्या अगदी समोर आली. एका संध्याकाळी सुनेनं, सहज विचारल्यासारखं करून, अण्णांना विचारलं की बारकी आता तिसरी ओळ म्हणते का.

"मला माहीत नाही," अण्णा म्हणाले.

"समोर तर उभी असते तुमच्या."

"असते ना. तिसरी ओळ आली की मी मान दुसरीकडे वळवतो."